खोट काढायचं काम तुमचं होतं, मास्तर

मास्तर, शनिवारी विणकर सोसायटीच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. मला दोन शब्द बोलायला उभं केलं आणि मी तुमच्याविषयी एक शब्द बोलले नाही. काय बोलले सांगू? म्हटलं, "मले काही बोलता येत नाही. मी शिकलेली नाही. माझ्यापेक्षा जुने विणकर इथं बसून आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलावं! काही चुकलं असन तं माफ करा." अन् बसले. चुकायलासुद्धा आधी काही बोलावं लागतं, पण मी नुसती माफी मागून मोकळी झाले. समोर खुर्चीवर हार घातलेला तुमचा फोटो. त्याच्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे गेले तुम्ही, आणि खोड माझी आहे तशीच आहे. पंधरा वर्षं तुम्ही या खोडीच्या मागे लागला होता. पालथ्या घड्यावर पाणी.

सभा संपल्यावर सेक्रेटरींनी मला दारातच गाठलं. "बाई, मास्तरांच्या जागेचं काय ठरवलं? सोमवारपर्यंत सांगा. नाहीतर आम्हाले दुसरा माणूस पाहा लागते." म्हणजे तुम्ही खरंच सांगून ठेवलं होतं. मला वाटत होतं, हुडकेश्वरला आपलं भांडण झालं तेव्हाच तुम्ही तो विषय टाकून दिला असेल. खिडकीजवळच्या त्या स्टुलावर बसून टिमकी मोहल्ल्यातल्या सगळ्या मागांचं कापड तपासायचं, पास की खोटीचं सेकंड ते लिहायचं. त्या स्टुलावर आजवर बाई बसलेली नाही. मी सेक्रेटरींना म्हटलं, "पाहते." आणि घरी येऊन पडून राहिले.

दमले आहे मास्तर. रडून दमले असते तर बरं झालं असतं, रडणं काही नीट झालंच नाही. दमले ते डोक्यातल्या बडबडीनं. दोन दिवस ती एकच सांगून राहिली आहे, की तुझ्याच्यानं होणार नाही, लोक हसतील, मास्तरांचं नाव घालवशील. हिला झोप येत नाही, भूक लागत नाही. माझ्याच घरात राहते आणि माझंच डोकं खाते.

तुमची माझी पहिली गाठ पडली ती हिच्यापायीच.

बांगलादेशची लढाई झाली त्याच्या थोडं आधी आमचे हे खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये लागले. आठवड्यातून एकदा घरी यायचे. घरचा माग नुसता उभा होता. सासूबाई म्हणायच्या विकून टाकू. मीच म्हटलं, मी बसते. आमच्या गल्लीत बायका सूत उकलायच्या, कांड्या भरायच्या. मागावर बसायचे पुरुष. पण मी उमरेडची. माझे बाबा जेवायला उठले की मी हळूच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसायची आणि चार हात विणून घ्यायची. बाबा यायचे, बघायचे, काही बोलायचे नाहीत. तेवढीच माझी शाळा.

पहिलं लुगडं घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ते खिडकीच्या उजेडात दांडीवर टाकलं आणि चष्मा पुसायला घेतला. तुमचा चष्मा डोळ्यांवर चढायच्या आत मी सुरू झाले. "मास्तर, इथं दोन धागे तुटले होते. इथं काठ ओढल्या गेला. अन् हे पाहा, इथं गाठ राहिली." तुम्ही माझ्याकडे पाहिलं, कापडाकडे पाहिलं, आणि वहीत 'सेकंड' लिहिलं. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला मी तोंड उघडलं आणि तुम्ही वही मिटली.

"बाई, खोट काढायचं काम माझं आहे. सोसायटीनं मले त्याच्यासाठी इथं बसवलं. तुम्ही काहून माझं काम करून राहिल्या?"

मागे रांगेतले चार जण हसले. मला वाटलं भुईत गडप व्हावं. पण तुम्ही थट्टा करत नव्हतात. खरंच विचारत होतात. मग मी सांगितलं. माझे बाबा फार गुणी विणकर. दारात उभं राहून कोणी म्हटलं, "काय काठ आहे गा!" की बाबा लगेच कापड उलटं करून दाखवायचे, "कायचा काठ! हे पाय, गाठ राहिली इथं." चांगल्या म्हटलेल्या कापडाला नजर लागते, म्हणून आपली खोट आपणच आधी दाखवायची, हा आमच्या घरचा रिवाज. मला वाटायचं सगळ्याच विणकरांचा असेल.

तुम्ही ऐकून घेतलं आणि म्हणालात, "नजर लागाले कापड आधी कोणी पाहिलं तं पाहिजे. तुम्ही तं पाहूच नाही देत."

आता या वयात कळतं, बाबांचं वेगळं होतं. बाबा खोट दाखवायचे आणि मिशीतल्या मिशीत हसायचे. कापड कसं उतरलंय ते त्यांना पक्कं ठाऊक असायचं. मी खोट दाखवणं तेवढं शिकले, ते हसणं शिकायचं राहून गेलं. आणि मग एकट्या कापडापुरतं कुठे राहिलं? कोणी म्हटलं भाजी छान झाली, की मी म्हणणार मीठ कमी पडलं. थोरलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा तिचं इंग्रजी कच्चं आहे हे मीच सांगितलं, कोणी विचारलंही नव्हतं. हात दाखवून अवलक्षण! पोरगी आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि तिचंच बरोबर होतं.

त्या दिवशी तुम्ही अट घातली. "मी पाहतो तोवर तोंड उघडायचं नाही. उघडलं तं कापड वापस." बाप्पा, काय ते उभं राहणं! पदराचं टोक दातात धरून उभी होते. तुमचं बोट कापडावरून सरकत होतं. आता इथे थांबेल, आता तिथे थांबेल. मी मनात पाच जागा धरून ठेवल्या होत्या. त्या पाचही जागांवरून तुमचं बोट सरळ निघून गेलं. थांबलं ते सहाव्याच ठिकाणी. तिथे खरंच एक धागा चुकला होता आणि मला त्याचा पत्ताच नव्हता.

"पाच कोणत्या होत्या?" तुम्ही विचारलंत. मी दाखवल्या. तुम्ही एकेक नीट पाहिलीत आणि म्हणालात, "इथं काहीच नाही. बाई, तुमच्या डोक्यात जो तपासनीस बसला आहे नं, तो कामाचा नाही. नसलेली खोट त्याले दिसते, असलेली दिसत नाही. मी सेक्रेटरी असतो तं पहिल्या दिवशी काढून टाकला असता त्याले."

घरी येताना इतवारीपर्यंत मी एकटीच हसत होते. लोक वळून बघत होते. जन्मात माझ्या कामाचं असं कोणी काही बोललं नव्हतं. आजवर मी समजत होते की ती आतली बडबड म्हणजे माझी अक्कल. ती गेली तर माझं काम बिघडेल, मी आळशी होईन, मला गर्व होईल. ती साधी चुकूही शकते, हे माझ्या डोक्यातच कधी आलं नव्हतं.

म्हणून ती गप्प बसली का? छे. त्यानंतरही मी वीतभर विणायची आणि अर्धी वीत उकलायची. सासूबाई ओसरीतून ओरडायच्या, "काय वं, विणून राहिली का उकलून राहिली? तुह्या त्या मास्तरले सांग, उकललेल्या सुताचंही लुगडं होते का म्हणा!" मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून खोकला लागेपर्यंत हसलात. सासूबाईंना तुम्ही आवडायचात, त्यांनी तसं कधी दाखवलं नाही ती गोष्ट वेगळी.

आता तुम्ही नाही, तर एक राग आहे तोही सांगून टाकते. तुम्ही मला कधी 'चांगलं' म्हटलं नाही. पंधरा वर्षांत एकदाही नाही. 'पास' म्हणालात, 'घ्या, सही करा' म्हणालात. मी करवती काठाची रेशमी साडी आणली होती, आठवतं? तीन धोटे सांभाळत, दोन महिने डोळे फोडून केलेली. काठाचे दाते असे नेमके उतरले होते की मलाच खरं वाटेना. तुम्ही ती उजेडात धरलीत आणि दोन्ही काठ टोकापर्यंत चाचपून पाहिलेत. मग म्हणालात, "पास."

त्या दिवशी माझ्याने राहवलं नाही. "चांगली झाली का, मास्तर?"

"मले काहून विचारता? विणली तुम्ही. तुम्ही सांगा."

"मी कशी सांगू? तपासनीस तुम्ही आहात."

"मी पास-नापास सांगतो. चांगलं काय, ते विणणाऱ्यानं सांगावं."

मी नाही सांगितलं. साडी तिथेच टाकून निघाले आणि पुढचे दोन महिने कापड सासूबाईंच्या हाती पाठवलं. तुम्ही त्यांना विचारत होतात म्हणे, "सूनबाईची तब्येत बरी आहे नं?" तब्येत बरी होती. डोकं फिरलेलं होतं.

हे भांडण आपलं मिटलं नाही, आणि मी अजून माझ्या म्हणण्यावर आहे. तुमचं म्हणणं मला कळतं. तुम्ही 'चांगलं' म्हटलं असतं तर मी दर खेपेला ते ऐकायलाच आले असते, आणि एखाद्या दिवशी नाही म्हटलं की मेले असते. कळतं सगळं. तरी मास्तर, उपाशी माणसाला स्वयंपाक शिकवताना एखादा घास भरवला तर काय बिघडतं? एका शब्दानं तुमचं काय झिजलं असतं? तुमच्या फोटोसमोर हे विचारायचं होतं. तर मी माफी मागत बसले.

आणि आता ते लिहिते जे कोणालाच सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर मी एक लुगडं आणलं. तुम्ही दांडीवर टाकलंत. खिडकीतून ऊन येत होतं, आणि मला पदराजवळ एक पट्टी दिसली. आडवी, विरळ, बोटभर रुंद. मागावर दिसली नव्हती. पाणी प्यायला उठले असणार, आणि परत बसल्यावर पहिले काही हात हलके पडले असणार. ही काही डोक्यातली खोट नव्हती. नवशिक्यालाही दिसली असती. मी श्वास धरला. तुमचं बोट आलं, पट्टीवरून गेलं, पुढे गेलं. थांबलं नाही. तुम्ही चष्मा वर केलात, पुन्हा लावलात आणि म्हणालात, "पास."

मास्तर, नसलेल्या शंभर खोटा मी तुम्हाला बोट लावून दाखवल्या होत्या. पहिल्यांदा खरी होती आणि मी गप्प बसले. वहीवर सही केली आणि निघून आले. घरी येऊन नुसती बसून राहिले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं वं, नापास केलं का?" म्हटलं, "नाही. पास केलं." आणि मला रडू आलं. तुमचे डोळे गेले होते, मास्तर.

त्यानंतर मी रांगेत उभी राहून पुढच्यांचं कापडही बघायची. किती सुटायचं तुमच्या हातून! दुसऱ्यांनाही दिसत असेल, पण कोणी बोलत नव्हतं. मीही बोलले नाही.

मग उन्हाळ्यात तुम्ही पोराकडे हुडकेश्वरला राहायला गेलात आणि निरोप आला, बाईंना भेटायचं आहे. दोन बस बदलून आले. नवीन घर, अर्धवट प्लास्टर, अंगणात रेतीचा ढीग. काकूंनी चहा टाकला. तुम्ही खाटेवर बसून होतात, मी दारात उभी राहिले तर आवाजावरून ओळखलंत. आणि काही इकडचं तिकडचं न बोलता म्हणालात, "माझ्या स्टुलावर आता तुम्ही बसा. मी सेक्रेटरीले सांगितलं आहे."

मी काय म्हणणार! पाठच होतं सगळं. "मले नाही जमणार, मास्तर. मी सातवी पास. पुरुषांच्या कापडात बाईनं खोट काढली तं लोक काय म्हणतीन? अन् मले तेवढी नजर नाही."

"नजर नाही?" तुम्ही म्हणालात. "दिवाळीनंतर जे लुगडं आणलं होतं तुम्ही, त्याच्यात खोट होती. माझं बोट पुढे गेलं अन् तुमचा श्वास अडकला. मले ऐकू आलं. डोळे गेले माझे, कान नाही गेले. सांगा, होती का नव्हती?"

काकू चहा घेऊन दारात थांबल्या.

मी म्हटलं, "नव्हती."

तुम्ही पुन्हा विचारलंत. "होती का नव्हती, बाई?"

"नव्हती, मास्तर. काही नव्हतं. तुमच्या नजरेतून काय सुटते!"

तुम्हाला इतकं रागावलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. आवाज मात्र चढला नाही. "मले कीव नको दाखवू," म्हणालात. पंधरा वर्षांत पहिल्यांदा 'तू' म्हणालात. "अन् स्वतःले एवढं खाली पाडून माझा मान ठेवू नको. जा तू." मी गेले. चहा तसाच राहिला. बसमध्ये बसल्यावर मनात म्हणत होते, पुढच्या आठवड्यात येऊ, राग उतरेल तोवर. पुढचा आठवडा तुम्ही पाहिला नाही.

मला वाटत होतं मी तुमच्यासाठी खोटं बोलले. म्हातारा माणूस, आयुष्यभर नजरेवर जगलेला, त्याला कशाला सांगायचं. पण हे अर्धंच खरं. 'होती' म्हटलं असतं तर त्याच्या मागून दुसरं वाक्य आपोआप आलं असतं, की मला दिसली. आणि मला दिसली म्हटलं की स्टुलाला नाही म्हणता आलं नसतं. तुमची लाज राखायच्या नावाखाली मी माझी भीती राखली. तुम्हाला ते तिथल्या तिथे कळलं, मला कळायला तुम्हाला जावं लागलं.

दहाव्याला आले होते तेव्हा काकू एवढंच म्हणाल्या, "तुमच्यावर रागावून नव्हते ते. दुसऱ्या दिवशी म्हणत होते, माझंच चुकलं, एकदा चांगलं म्हणायला पाहिजे होतं बाईले." काकू हे सांगून आत गेल्या, भांडी घासायला. मी तिथेच रेतीच्या ढिगावर बसले. आता का मास्तर? आता घेऊन काय करू मी तो शब्द? आणि तरी घेतला. घट्ट धरून बसले आहे. सोडणार नाही.

तर ऐका. होती. पदरापासून वीतभर आत, बोटभर रुंद, ह्या काठापासून त्या काठापर्यंत. तुम्हाला दिसली नाही. मला दिसली. दुसऱ्यांच्या कापडातलीही दिसायची, सहा महिने दिसत होती. मला नजर आहे. आणि करवती काठाची ती साडी चांगली होती, मास्तर. फार चांगली होती. टिमकीत तेव्हा तशी कोणी विणली नव्हती.

एवढं लिहायला दोन दिवस लागले. लिहून झाल्यावर आतली गप्प बसली असेल असं वाटलं तर तसंही नाही. ती म्हणतेच आहे की मेलेल्या माणसापुढे फुशारकी मारते. म्हणू दे. मी तिला हरवलं वगैरे काही नाही. मला तिचा कंटाळा आला आहे. चाळीस वर्षं ऐकलं तिचं, एक नवीन गोष्ट सांगत नाही बया.

आज सोमवार. सकाळी सोसायटीत गेले. सात-आठ जण कापडाचे गठ्ठे घेऊन बसले होते, तुम्ही गेल्यापासून सगळं अडून पडलं आहे. स्टुलावर धूळ होती, ती पदरानं पुसली आणि बसले. सेक्रेटरी लगबगीनं आले. "बाई, नक्की नं? जमन नं तुम्हाले?"

सगळं तोंडाशी आलं होतं. सातवी पास, बाईमाणूस, माझी काय लायकी, काही चुकलं तर माफ करा. सगळं.

म्हटलं, "कापड आणा."